आधी हत्ती मागायचा

त्या घरात काहीही हवं असलं की आधी हत्ती मागायचा, असा शिरस्ता होता. दोघी बहिणींनीच तो शोधून काढला होता, आणि तोही इतक्या लहानपणी की धाकटीच्या तोंडातून ‘हत्ती’ अजून धड निघत नव्हता. बाबा माणूस सोन्यासारखा, पण दिवसातून एकदा छाती भरून ‘नाही’ म्हटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. म्हणून पोरी जोडीने जायच्या आणि सांगायच्या, “बाबा, आपण घरात हत्ती पाळू या.” बाबा टेबलावर हात आपटून गरजायचे, “नाही! नाही म्हणजे नाही!” शेजारच्यांची खिडकी उघडायची. बाबांच्या गालांवर रंग चढायचा, स्वारी खूश व्हायची. मग थोरली हळूच म्हणायची, “बरं, मग सायकल?” आणि संध्याकाळी सायकल दारात!

पुढे बाबा पंतप्रधान झाले, मिशा पांढऱ्या झाल्या, घराभोवती पहारा बसला. पण जित्याची खोड कुठे जाते? मंत्रिमंडळातल्या बड्याबड्यांना जे कधी उमजलं नाही, ते थोरलीला बाहुलीच्या वयात उमजलं होतं. म्हणून तर आई गेल्यावर बाबांचा सगळा कारभार तिच्याकडे आला. कागदोपत्री ती खाजगी सचिव. खरं काम म्हणजे चष्मा, गोळ्या, मफलर, फायली आणि राग, हे सगळं वेळच्या वेळी हातात देणं आणि वेळच्या वेळी काढून घेणं. धाकटी डॉक्टर झाली, आणि बापाच्या सावलीत वाढायचं नाही म्हणून लांब नदीकाठच्या एका गावात सरकारी दवाखान्यात जाऊन बसली. शेजारच्या देशाशी लढाई पेटली आणि नेमकं तेच गाव वेढ्यात सापडलं. घ्या आता!

गावाला बाहेर पडायला एक पूल तेवढा उरला होता, आणि तो शेजारच्या देशाच्या जनरलच्या तोफांखाली होता. हा जनरलच तिकडचा राष्ट्रप्रमुख, सगळं त्याच्याच शब्दावर. दवाखान्यात ह्यांचे जखमी होते, पकडून आणलेले त्याचेही जखमी शिपाई होते. पूल एक दिवसभर उघडावा आणि सगळ्यांना बाहेर काढावं, एवढीच बोलणी करायची होती. त्यासाठी दोन्ही बाजू तिसऱ्याच एका देशात, टपाल खात्याच्या प्रशिक्षण शाळेत येऊन बसल्या होत्या. शाळा सुट्टीमुळे रिकामी होती आणि तिला दोन वेगवेगळी फाटकं होती. कुणी कुणाला ‘आधी तुम्ही’ म्हणायला नको. दोन्हीकडची भाषा जवळजवळ एकच, म्हणून दुभाषे नव्हते, आणि त्यामुळे शिव्या थेट पोचायच्या.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! जनरल म्हणे, पूल उघडला की तुम्ही औषधांच्या पेट्यांतून दारूगोळा आत न्याल, तेव्हा एकेक गाडी आमचे शिपाई तपासतील. बाबा म्हणत, आमच्या रुग्णवाहिकांना त्यांचा हात लागता कामा नये. मग जनरल म्हणे, तर मग पूल बंद. रोज सकाळी हेच, रोज दुपारी हेच. थोरलीच्या जिवाची नुसती काहिली होत होती. त्यात आज उजाडता उजाडता रेडिओवरून धाकटीचा निरोप आला होता. दवाखान्याच्या जनरेटरचं तेल उद्या संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरेल, त्यानंतर ऑपरेशनं अंधारात.

थोरलीने तो कागद बाबांसमोर ठेवला. बाबांनी वाचला, घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

“तिचं नाव टेबलावर काढायचं नाही,” ते म्हणाले. “तिथे अडकलेली प्रत्येक पोर कुणाची तरी आहेच. पंतप्रधानाची पोर म्हणून पूल मागायचा नाही.”

“मी कुठे काय म्हटलं, बाबा?”

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रोज सकाळी विचारायचे तसं आजही विचारलं, “तुला काही हवंय का?”

“नाही, बाबा,” थोरली म्हणाली. चहाबद्दलच विचारत असणार, दुसरं काय! ती त्यांच्या औषधासाठी गरम पाणी आणायला निघाली.

शाळेत सगळं दोन-दोन होतं, स्वयंपाकघर मात्र एकच, आणि त्यातली चालू शेगडी एकच. त्या शेगडीसमोर आज आधीच कुणीतरी उभं होतं. जनरलची मुलगी! सगळे तिला कॅप्टन म्हणत, कारण ती खरोखरच कॅप्टन होती. उंच, सरळ, इस्त्रीची घडी न मोडलेली, नाकावर माशी बसू न देणारी. बापाला चारचौघांत ‘सर’ म्हणायची. इतके दिवस दोघींनी एकमेकींकडे भिंतीकडे बघावं तसं पाहिलं होतं. आत्ता कॅप्टन एका पातेल्यात अंडी उकडत होती आणि घड्याळावरून नजर हलवत नव्हती.

“मला फक्त पेलाभर पाणी गरम करायचंय,” थोरली म्हणाली.

“थांबावं लागेल.”

“अहो, शस्त्रसंधी झाली नाही म्हणून शेगडीवरही लढाई का?”

कॅप्टनच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. “दुसरं अंडं होऊ द्या. पहिलं झालंय.”

पहिलं अंडं बाहेर काढून ठेवलेलं थोरलीने पाहिलं. उकडून उकडून त्याचं कवच तडकलं होतं. “हे फारच झालं की. दगड झाला असेल आत.”

“झालाच आहे. मुद्दाम केलाय,” कॅप्टन म्हणाली, आणि मग एकदम सैल पडली. रात्रंदिवस ताठ उभं राहून माणूस दमतोच. “पप्पांना पहिलं अंडं परत पाठवायचं असतं. ‘हे काय अंडं आहे? नको! घेऊन जा!’ असं ओरडले की मग त्यांचं पोट उघडतं. दुसरं मुकाट्याने खातात. म्हणून मी रोज दोन नेते. एक नाही म्हणायला, एक खायला.”

थोरली पेला हातात धरून तशीच उभी राहिली. “अगं बाई!” ती म्हणाली. “अगं बाई, बाई! आमच्याकडे हत्ती असतो.”

“काय असतो?”

मग काय, धरणाचं दार उघडावं तशी थोरली सुटली. हत्ती, सायकल, शेजारच्यांची खिडकी, सगळं सांगितलं. कॅप्टन आधी ऐकत राहिली, मग हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. “मी तोफ मागायचे,” ती म्हणाली. “लहानपणी. खरी, चाकांची तोफ. पप्पा म्हणायचे, ‘अजिबात नाही!’ मग मी रंगीत पेन्सिली मागून घ्यायचे.”

“एकाच माळेचे मणी गं दोघं!”

“पाणी उतू चाललंय.”

“जाऊ दे ते पाणी!” थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तिने कॅप्टनचं मनगट पकडलं. “इतके दिवस आपण काय करतोय? टेबलावर सगळ्या खऱ्याच गोष्टी मांडतोय. पूल खरा, तपासणी खरी. मग दोघांचं ‘नाही’ खाणार काय? तेच खातंय ना! हत्ती ठेवायला विसरलोय आपण!”

कॅप्टनने दाराकडे पाहिलं. नंतर शेगडी बंद केली. “इथे नको. चल.”

शेजारची खोली म्हणजे शिकाऊ कारकुनांचं खोटं पोस्ट ऑफिस होतं. खोटा काउंटर, खरी जाळी, वजनाचा काटा, आणि भिंतभर पत्रं लावायचे खण, त्यांवर नसलेल्या गावांची नावं. कॅप्टन जाळीच्या आत कारकुनाच्या स्टुलावर बसली, थोरली बाहेर उभी राहिली. कुणी आलंच तर तिकिटं घेतल्यासारखं करायचं असं ठरलं. दोघींचं वय चाळिशीच्या घरात, पण त्या घटकेला त्या दोन शाळकरी चोरट्या दिसत होत्या.

“हत्ती बेताचा हवा,” थोरली कुजबुजली. “फार हलका असला तर त्यांना संशय येईल. फार जड असला तर उठून जातील.”

“तुझ्या बाबांना काय दिलं तर खवळतील?”

“तुझ्या पप्पांचं कौतुक.”

कॅप्टनने खोटं तिकीट खोट्या पाकिटावर चिकटवत विचार केला. “पुलाला पप्पांचं नाव द्यायचं. आमची अट.”

“वा! बाबा छप्पर उडवतील!” थोरलीने टाळीसाठी हात पुढे केला आणि जाळीवर आपटून घेतला. “आणि तुझ्या पप्पांना?”

“त्यांच्या शिपायांच्या बंदुकीला हात लावलेला त्यांना खपत नाही. बंदूक खाली ठेव म्हटलं की…”

“ठेवायचीच! बंदुका खाली ठेवून त्यांच्या शिपायांनी दवाखान्यापासून पुलापर्यंत आमचे स्ट्रेचर वाहायचे. हमालासारखे!”

कॅप्टनचा चेहरा क्षणभर खरोखरच दुखावला. मग ती म्हणाली, “शंभर टक्के नाही म्हणतील. मी त्यांना आयुष्यभर ओळखते.”

आता हे टेबलापर्यंत न्यायचं कसं? ती मात्र सोपी गोष्ट होती. थोरलीने बाबांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात एवढंच टाकलं की तिकडच्या शिपायांना स्ट्रेचर वाहायला लावलं तर काय जिरेल त्यांची! मंत्रिमहोदयांना दुसऱ्याची जिरवण्याची भारी हौस. अर्ध्या तासात ती कल्पना त्यांचीच झाली आणि ते ती थोरलीलाच समजावून सांगायला लागले. तिकडे कॅप्टनने पुलाच्या नावाचं काढलं, तेव्हा जनरल म्हणाला, “मला तसला काही सोस नाही,” आणि मग आरशात बघून म्हणाला, “पण लिहा.”

बैठक परीक्षेच्या हॉलमध्ये भरायची. मधोमध हिरव्या कापडाचं लांब टेबल, त्याच्या टोकाला मध्यस्थ. हे म्हणजे सर्दीने हैराण झालेले एक म्हातारे राजदूत. सचिव मंडळींना विद्यार्थ्यांची बाकं दिली होती. थोरली बाबांच्या मागे, कॅप्टन जनरलच्या मागे, दोघींचे गुडघे बाकाच्या फळीला टेकलेले. 

मध्यस्थांनी नाक पुसून वाचायला घेतलं. “तिकडील बाजूची नवी अट. पुलाला यापुढे जनरलसाहेबांचं नाव देण्यात यावं.”

बाबांच्या मिशा आधी थरथरल्या. मग मान वर आली, मग हात वर गेला, आणि तो टेबलावर असा आदळला की पाण्याचा पेला नाचला. “नाही! नाही म्हणजे नाही! माझ्या हयातीत नाही आणि माझ्या पश्चातही नाही!”

थोरलीने बाकाखाली वाकून हसू दाबलं. बाबांच्या गालांवर तोच तो जुना रंग चढला होता. ते बसले, पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “हां. ती मध्यस्थांची तपासणीची सूचना काय होती? पुलाच्या मधोमध दोन्हीकडच्या शिपायांनी मिळून गाड्या तपासायच्या? ठीक आहे. करा.”

मध्यस्थांचा चष्मा नाकावरून घसरला. परराष्ट्रमंत्र्यांचं तोंड उघडं ते उघडंच. इतके दिवस पालथ्या घड्यावर पाणी, आणि आज एका फटक्यात! थोरलीने समोर पाहिलं. कॅप्टनने पापणीसुद्धा न हलवता पेन्सिल आडवी ठेवली. आता तिचा बाप.

“इकडील बाजूची नवी अट,” मध्यस्थ वाचू लागले. “जनरलसाहेबांच्या शिपायांनी बंदुका खाली ठेवून, दवाखान्यापासून पुलापर्यंत जखमींचे स्ट्रेचर स्वतः वाहावेत.”

  जनरलने आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “मान्य.”

“काय?” हा आवाज कॅप्टनचा होता.

“मी भरती झालो तेव्हा मला बंदूक दिली नव्हती,” जनरल म्हणाला. “स्ट्रेचर दिला होता. पहिली अख्खी लढाई मी स्ट्रेचर वाहिला. तुम्ही आमची जिरवायला मागितलं असेल, मला कळत नाही असं समजू नका. पण त्या कामात कमीपणा नाही. मान्य.”

“हात्तिच्या!” थोरली पुटपुटली. हत्ती चक्क दारात येऊन उभा राहिला होता. आता त्याला बांधायचा कुठे आणि खायला घालायचं काय? कॅप्टन पांढरीफटक पडली होती. आयुष्यभर ओळखते म्हणाली होती, आणि बापाच्या खांद्यावर काय काय येऊन गेलं ते तिला या घटकेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. परराष्ट्रमंत्री बाबांच्या कानाला लागले. कुजबुज कसली, हॉलभर ऐकू आली. “डाव आहे, साहेब! स्ट्रेचरच्या मिषाने शिपाई गावात घुसवणार!”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाबांच्या कपाळावर आठी पडली. “यात काहीतरी काळंबेरं आहे,” ते म्हणाले. “ही अट आम्ही मागे घेतो.”

“मागे घेता?” जनरलचा चेहरा लाल झाला. “तुम्हीच मागायचं, मी दिलं की तुम्हीच नको म्हणायचं? पोरखेळ मांडलाय का इथे? नाही! ऐका, नाही! पूल उघडणार नाही!”

आलं! ‘नाही’ आलं, पण नेमकं भलत्याच जागी, खुद्द पुलावरच येऊन बसलं. जनरलने फाइल मिटली. बाबांनीही मिटली. खुर्च्या सरकल्या. मध्यस्थ “महोदय, महोदय” म्हणता म्हणता शिंकायला लागले.

थोरलीला काही दिसेना. दिसत होती ती फक्त धाकटी, विझत चाललेल्या दिव्याखाली हात धुऊन उभी, कुणाच्या तरी पोटात टाका घालायचा राहिलाय अशी.  बोलायचा तिला काडीचा अधिकार नव्हता. पण परीक्षेचा हॉल होता, ती बाकावर होती, आणि हात आपोआप वर गेला, वर्गात जातो तसा.

मध्यस्थांनी नाकावरचा रुमाल बाजूला केला. बिचाऱ्यांना काहीही चाललं असतं. “हं, बोला.”

थोरली उठली. बाक तिच्या गुडघ्यांबरोबर उचललं गेलं आणि धाडकन खाली आदळलं. जागच्या जागी सगळे थांबले.

“तुमचा एकमेकांवर विश्वास नाही ना?” ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी मोठा निघत होता. “मग आमची आणखी एक अट लिहा. उद्या पूल उघडल्यापासून बंद होईपर्यंत आम्ही दोघी पुलाच्या मधोमध उभ्या राहतो. मी आणि ह्या कॅप्टन. खाली नदी, दोन्हीकडे तुमच्या तोफा. कुणाला गोळी झाडायची असेल त्याने आधी आपली पोर कुठे उभी आहे ते बघावं आणि मग झाडावी!”

“मी तयार आहे,” कॅप्टन ताडकन उठून म्हणाली.

“नाही!” बाबा गरजले.

“नाही!” जनरल गरजला.

दोघांचं एकदम निघालं, एकाच सुरात, एकाच दमात, दोन मुठी एकाच टेबलावर. खिडक्यांच्या काचा हलल्या. बाहेरचा पहारेकरी दार उघडून आत डोकावला.

 बाबांनी जनरलकडे पाहिलं. जनरलने बाबांकडे पाहिलं. दोघांचे गाल लाल, दोघांचा श्वास फुललेला. मध्यस्थांनी शिंक आवरली आणि आपल्या लेखनिकाला अतिशय गंभीरपणे सांगितलं, “लिहा. दोन्ही बाजूंचं प्रथमच एकमत झालं.”

आधी जनरलच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. मग बाबांचं पोट हलायला लागलं. आणि मग अहो, ते दोघे म्हातारे असे हसले, असे हसले, की परराष्ट्रमंत्री घाबरून पाणी मागवायला लागले. तापलेल्या तव्यावर पोळी टाकायला उशीर करायचा नसतो, हे कॅप्टनला कुणी शिकवायला नको होतं. ती पटकन म्हणाली, “बरं सर, आम्ही नको तर नको. मग बिनबंदुकीचे शिपाई आणि स्ट्रेचर तरी?”

बाबांनी डोळे पुसले. “खरंच वाहिलात तुम्ही स्ट्रेचर?” त्यांनी जनरलला विचारलं.

“खांदा दाखवू?”

“नको, नको. मान्य. उद्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत.”

“मान्य,” जनरल म्हणाला.

सह्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात कॅप्टनने थोरलीला गाठलं. “ते पुलावर उभं राहायचं, तो हत्तीच होता ना?”

“मला काय ठाऊक, बाई!” थोरली भिंतीला टेकली. “हो म्हणाले असते तर राहिले असते उभी.”

दुसऱ्या दिवशी पूल उघडला. त्या टोकाला बंदुकांचा ढीग, आणि बिनबंदुकीचे शिपाई दोघादोघांनी स्ट्रेचर घेऊन चाललेले. पुलाच्या मधोमध तपासणीचा तंबू, त्यात दवाखान्याला जोडलेला एक फोन. दोघे म्हातारे सकाळपासून तिथेच ठाण मांडून होते. कुणालाच दुसऱ्याला एकटं सोडायचं नव्हतं. आजी-आजोबा आले, बाळंतिणी आल्या, जनरलचे पायमोडके शिपाई आले. प्रत्येक स्ट्रेचर दिसला की थोरली टाचा उंचावून बघायची. धाकटी काही येत नव्हती. येणार कशी? पेशंट मागे ठेवून पुढे येणाऱ्यांतली ती नव्हेच.

सूर्य टेकला. ठरलेली वेळ संपत आली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, त्यातली गत! मध्यस्थ घड्याळ काढून उभे राहिले आणि तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी उचलला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की तंबूत सगळ्यांना ऐकू आला.

“बाबा, पूल महिनाभर उघडा ठेवा.”

थोरलीने तोंडावर हात दाबला. धाकटीच! तीच ती, तस्सीच!

“नाही!” बाबा असे गरजले की नदीवरचे पक्षी उडाले. “महिनाभर? डोकं ठिकाणावर आहे का? नाही म्हणजे नाही!”

“बरं, मग अर्धा तास?” धाकटी म्हणाली. “चार स्ट्रेचर राहिलेत आणि मी.”

बाबांनी फोन छातीशी धरला. वेळ वाढवायला दोघांचा होकार लागत होता. ते जनरलकडे बघू लागले, आणि आपलं माणूस आत असलेला कुणीही बाप दवाखान्याच्या दारात डॉक्टरकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने बघू लागले.

“सर,” कॅप्टन मधेच म्हणाली, “पूल महिनाभर उघडा ठेवायचा का?”

“अजिबात नाही!” जनरल ओरडला.

“मग अर्धा तास?”

“अर्धा तास… घ्या. घ्या अर्धा तास.” जनरलने शिपायांना हाताने पळा म्हणून खुणावलं. मग थांबला. लेकीकडे वळला. “एक मिनिट. हे तू काय केलंस आत्ता?”

“तोफ मागितली, पप्पा.” चारचौघांत पहिल्यांदाच ती पप्पा म्हणाली.

जनरलला समजायला जरा वेळ लागला. “म्हणजे लहानपणी तुला ती तोफ नको होती?”

“रंगीत पेन्सिली हव्या असायच्या.”

“आणि मी म्हणत होतो, पोरीला तोफेचा केवढा नाद!” जनरल खाली बसला. “म्हणून तर सैन्यात घातलं गं तुला!”

तंबूत हसण्याचा असा कल्लोळ उठला की स्ट्रेचर आलेले आधी कुणाला कळलेच नाहीत. कळलं ते थोरलीला. ती धावत सुटली. शेवटचा स्ट्रेचर होता, त्याची मागची बाजू जनरलच्या एका शिपायाने धरलेली, आणि पुढची बाजू धाकटीने. केस विस्कटलेले, ॲप्रनवर डाग, ओठ फुटलेले, आणि डोळे मात्र हसरे. थोरलीला तिच्या गळ्यातसुद्धा पडता येईना, कारण तिचे दोन्ही हात अडकलेले. मग तिने नुसतं तिच्या पाठीवर डोकं टेकलं आणि मोठमोठ्याने रडली.

बाबा मागून आले. “महिनाभर म्हणे!” ते म्हणाले.

“हत्ती होता, बाबा,” धाकटी म्हणाली.

“मला सांगतेस? तुम्ही एवढ्याशा होतात तेव्हापासून ठाऊक आहे मला. हत्ती मागितला की कळायचं, पाठोपाठ काहीतरी खरं येतंय.” बाबांनी थोरलीकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज फुटला. “ही बया! रोज सकाळी विचारत होतो हिला, काही हवंय का, काही हवंय का. रोज आपली ‘नाही, बाबा’. अगं, पंतप्रधानाला आपल्या पोरीसाठी पूल मागता येतो का? तू हत्ती घेऊन येशील म्हणून मी वाट बघत होतो. तू येईचनास!”

थोरलीने नाक पुसलं. इतक्या वर्षांत ‘नाही’ म्हणायला तीही बापाकडूनच शिकली होती की काय, कोण जाणे.

“बाबा,” धाकटी म्हणाली, “हे जरा धरता? माझे हात गळून गेलेत.”

या वेळी आधी हत्ती मागितला नव्हता तिने. नुसतं एवढंच मागितलं. बाबांनी कोट काढून थोरलीच्या अंगावर टाकला आणि स्ट्रेचरचे दांडे हातात घेतले. चार पावलं गेले असतील नसतील, तोवर मागून जनरल लगबगीने आलाच.

“डावा पाय आधी, साहेब! डावा! पेशंट हिंदकळतोय!”

आणि बाबा चक्क त्याचं ऐकत होते.